थारमध्ये ‘लाइनवरच्या’ सीट बसवताय? आधी खाली वाकून बघा

नाशिकमध्ये गाडीचा कुठलाही पार्ट खपवायचा असेल तर दोन शब्द पुरतात : “कंपनीतून आलाय.” सातपूरला महिंद्राचा कारखाना, सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारे लहान-मोठे व्हेंडर, आणि दर दोन घरांआड कुणाचा तरी भाचा नाहीतर मेव्हणा असेंब्ली लाइनवर कामाला. त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात वावगं काही वाटत नाही. याच दोन शब्दांवर मला चौतीस हजारांना गंडवलं. जुनी थार, जिप्सी किंवा बोलेरो बाळगणारे आणि पाठीच्या दुखण्याला कंटाळून सीट बदलायच्या विचारात असलेले बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझी थार सीआरडीई मॉडेलची, २०१७ची. इंजिनाबद्दल तक्रार शून्य. पण पुढच्या सीट म्हणजे नुसत्या टेकायला दिल्यासारख्या. बैठक आखूड, त्यामुळे मांडीला आधार नाही. पाठ ताठ. त्यात मागचं सस्पेन्शन पाट्यांचं, प्रत्येक खड्डा थेट कंबरेत येतो. सावळ घाटातून पेठला जाऊन आलं, की दुसऱ्या दिवशी वाकून बूट घालणं मुश्किल. अशा गाडीत स्कॉर्पिओच्या सीट बसवणारे खूप आहेत. कल्पना चांगलीच आहे, आणि काम नीट झालं तर फरक खरोखर पडतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण सीट बदलण्याला माझा विरोध नाही.

दुकान हायवेच्या सर्व्हिस रोडला. नाव लिहीत नाही, तक्रार दाखल आहे. बाहेर चार-पाच थार उभ्या, आत भिंतीवर रांगेत सीट लटकवलेल्या. मालक बोलायला गोड. म्हणाला, “भाऊ, या स्कॉर्पिओच्या सीट, झिरो किलोमीटर. मेव्हणा व्हेंडरकडे आहे आपला. कापडावर एवढासा डाग पडला तरी लाइनवर घेत नाहीत, मग माल आपल्याकडे येतो. आपण डागाचं कापड काढायचं, नवीन कव्हर चढवायचं. आतलं सगळं कंपनीचं.”

ही थाप किती हुशारीची होती ते मला नंतर कळलं. सीट नवी असेल तर कव्हर लोकल का, हा प्रश्न कुणालाही पडणार. तो पडायच्या आतच त्याचं उत्तर तयार. सीटच्या बुडाला कंपनीचं बारकोडवालं लेबल असतं, ते कुठेय? “कापडासोबत निघालं.” लेबल कापडावर नव्हे, फ्रेमवर चिकटवलेलं असतं, पण बोलण्याच्या ओघात हे तिथल्या तिथे सुचायला माणूस त्याच धंद्यातला हवा.

भाव अडतीस हजार, जुन्या सीटचे चार वजा. पंधरा हजार ॲडव्हान्स, यूपीआयने. स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता एका बाईंचं आलं. “वहिनीचं खातं आहे, टाका बिनधास्त.” पक्कं बिल मागितलं तर “जीएसटी वरून लागेल भाऊ, कशाला उगाच”. हातात पडली ती वर ‘एस्टिमेट’ छापलेली गुलाबी चिठ्ठी. जीएसटीची नोंदणी असलेल्या दुकानदाराला आपला नंबर पाटीवर लिहावाच लागतो. पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो तो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की दुकान कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. या पाटीवर नंबरच नव्हता.

गाडी सकाळी सोडून संध्याकाळी घ्यायची असं ठरलं. गेलो तेव्हा सीट बसलेल्या, कव्हरवर लाल दोऱ्याची शिलाई, आत लेमनचा परफ्यूम मारलेला. दुकानातल्या पोराने गाडीचा फोटो काढला, मालकाने बाकीचे एकोणीस हजार घेतले. जुन्या सीट बघाव्या म्हटलं तर “गोडाउनला गेल्या”. फसवणुकीचा खरा खिळा इथे आहे. मूळ सीट हातातून गेल्या की गाडी पूर्ववत करायचा रस्ता बंद होतो, आणि पुढे भांडण झालं तर गरज तुमची असते, त्याची नाही.

पहिले काही आठवडे खरंच मजेत गेले. मांडीला आधार, पाठीला बाक, त्र्यंबकला जाऊन आलो तरी कंबर शाबूत. मग पाऊस लागला. परफ्यूम उडाला आणि बायको म्हणाली, “अहो, गाडीत काहीतरी कुजलंय.” आम्ही मॅट काढले, एसी साफ करून घेतला, डिकीतली पोती झटकली. वास सीटमधून येत असेल हे डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं, सीट ‘झिरो किलोमीटर’ होत्या ना. त्यातच एकदा सावळ घाट उतरताना ब्रेक दाबला आणि ड्रायव्हरची सीट खट्ट करून पुढे झुकली. रेलवर सरकली असती तर समजण्यासारखं होतं. ही बुडासकट झुकली.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या कुशनवाल्या चाचांकडे गाडी नेली. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी हेडरेस्ट वर खेचून पूर्ण बाहेर काढलं आणि त्याच्या दोन्ही दांड्या उजेडात धरल्या. वरचा भाग चकचकीत, सीटच्या आत असतो तो तांबूस, गंजाचे टिपके टिपके. मग सीट उलटी केली. रेलच्या खाचेत ग्रीस होतं आणि ग्रीसमध्ये बारीक पिवळट गाळ. चाचांनी बोटावर घेऊन चोळला, माझ्यासमोर धरला. “साहेब, ही माती रस्त्याची नाही. ही सीट पाण्यात बुडालेली आहे.”

कव्हर उसवल्यावर उरलंसुरलं बाहेर आलं. वर दीड इंचाचा नवा शीट फोम, सोल्युशनने चिकटवलेला. त्याच्याखाली मूळ साच्यातला फोम, काळपट, बोटाने दाबला की भुगा होणारा. नागमोडी स्प्रिंगांपैकी एक तुटलेली, तिच्या जागी बांधायची तार. म्हणजे पुरात गेलेल्या कुठल्या तरी गाडीच्या सीट भंगारातून उचलायच्या, वर नवा फोम, नवं कव्हर, परफ्यूम, आणि तोंडाने ‘लाइनवरचा माल’. आरामाचे जे काही आठवडे मिळाले ते त्या दीड इंचाचे. चांगल्या सीटची बैठक साच्यातून निघालेल्या एकाच अखंड तुकड्याची असते. चेन उघडून किंवा खालून बोट घालून थर लागले तर समजा, कुणीतरी हात मारलाय.

पण वासाने माणूस मरत नाही. खरी भीती खाली होती. स्कॉर्पिओच्या सीटची भोकं थारच्या फ्लोअरवरच्या जागेशी जुळत नाहीत, मध्ये ब्रॅकेट लागतोच. चांगले फिटर जाड पट्टीचा ब्रॅकेट बनवतात, अखंड वेल्ड ओढतात, मूळ बोल्टच्या जागाच वापरतात. इथे पातळ अँगलचे तुकडे होते आणि वेल्डच्या नावाने चार-चार टाके. पुढच्या डाव्या बाजूचे दोन टाके तुटले होते, म्हणून सीट झुकत होती. बोल्टच्या डोक्यावर काहीच छापलेलं नव्हतं. सीट धरून ठेवणाऱ्या बोल्टवर निदान ८.८ हा आकडा हवा, तो त्याच्या ताकदीचा दर्जा असतो. कोरं डोकं म्हणजे गेटच्या बिजागरीला लावतात तो माल.

त्याहून वाईट म्हणजे सीटबेल्टचं बकल. नवी सीट रुंद, मूळ जागी बकल अडत होतं, म्हणून ते काढून फ्लोअरच्या पत्र्यात नवं भोक पाडलं आणि खालून एक साधा वॉशर दिला. बेल्टचा मूळ बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची, बारीक आट्याचा असतो आणि तो पत्र्यामागे वेल्ड केलेल्या जाड प्लेटमध्ये बसतो. जोरात धडक झाली तर बेल्टवर येणारा सगळा ओढा त्या प्लेटने झेलायचा असतो. माझ्या गाडीत तो एका वॉशरवर होता. बाजूच्या सीटवर तर पोरगी बसते. चाचांनी तो वॉशर काढून माझ्या हातावर ठेवला, तेव्हा आधीच चेपून वाटीसारखा झाला होता.

दुकानात गेलो तर मालक तोच, सूर वेगळा. “दगडावरून गाडी घालणार तुम्ही, आणि वेल्ड तुटला तर आम्ही जबाबदार?” ऑफ-रोड गाडीच्या सीटसाठीच तर पैसे मोजले होते! मेव्हण्याचा विषय काढल्यावर म्हणे, असं कोण बोललं. जुन्या सीट परत द्या म्हटलं तर त्या विकल्या गेल्या होत्या. शेवटी दहा हजारांवर तोडपाणी करायला तयार झाला, “वर लिहून द्या की तक्रार नाही”. दिलं नाही.

माझ्याकडे पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे, गुलाबी चिठ्ठी आहे, आणि “सीट नव्या आहेत ना?” या व्हॉट्सॲपवरच्या प्रश्नाला त्याने पाठवलेलं “हो भाऊ १००% कंपनी” हे उत्तर आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी तक्रार नोंदवली. तिथे मालकाने दाद दिली नाही, म्हणून ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. चाचांनी उघडताना मी सगळ्याचा व्हिडिओ काढून ठेवला होता, तो जोडला. सीट तशाच उसवलेल्या अवस्थेत घरी माळ्यावर आहेत, पुरावा म्हणून.

गाडीला आता एका डेंटरकडून मिळालेल्या जुन्या पण मूळ थारच्याच सीट आहेत. बकल मूळ जागी गेलं, फ्लोअरचं भोक प्लेट मारून बुजवलं. चाचांनी बैठक तीन इंच पुढे वाढवून चांगल्या डेन्सिटीचा फोम भरला आणि कंबरेच्या जागी थोडा उंचवटा दिला. खर्च नऊ हजार, शिवाय सीटचे सात. पाठ ठीक आहे. म्हणजे मला हवं होतं ते या रस्त्यानेही झालंच असतं, ना ब्रॅकेट ना वेल्डिंग.

सीटच बदलायच्या असतील तर फिटिंग होताना तिथेच उभे राहा, “चहा घेऊन या” म्हटलं तरी हलू नका. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला लावा, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जायची भीती. आणि त्या दुकानाच्या जाहिरातीत अजूनही लाल शिलाईच्या सीटवाली एक थार ‘समाधानी ग्राहक’ म्हणून झळकतेय. ती माझी आहे. फोटो काढून टाका असं दोनदा लेखी कळवलंय.