ठासणीच्या बंदुकीला गज कोणता: लाकडी, पितळी की पोलादी?

पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक ज्यांच्या घरात आहे, ते गजाचा, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-बोळा ठासायच्या आणि नळी साफ करायच्या दांड्याचा, विचार तो मोडल्यावरच करतात. आमच्याकडेही तेच झालं. जुना सागवानी गज होता. एका पावसाळ्यात वावरात जागलीला जाण्याआधी काका दारूवर बोळा ठासत होते आणि गज मधूनच गेला. लाकूड आडवं तुटत नाही, रेषेच्या अंगाने तिरकं फाटतं आणि मागे सुरीसारखं टोक राहतं. ते काकांच्या तळहातात घुसलं.

तरीही लाकडाला मी सरसकट नाही म्हणणार नाही. हलकं असतं, नळीखालच्या कड्यांत बसतं, नळीला ओरखडा पाडत नाही. फक्त घेताना उन्हात धरून गोल फिरवून पाहा. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली हवी. मध्येच कडेला बाहेर पडत असेल तर गज तिथूनच जाणार. बांबू फुकट मिळतो, पण उभा चिरतो.

पितळी गज महाग आणि जड. मात्र जोर जास्त झाला तर तो वाकतो, फाटत नाही, आणि नळीच्या पोलादापेक्षा मऊ असतो. वाकला की लगेच सरळ करायचा, नाहीतर आत घासत जातो.

पोलादी गज सगळ्यांत मजबूत, पण नळीच्या तोंडाची कड झिजवतो. नळीत आटे (आतून पीळदार खाचा) असलेल्या रायफलीचा नेम त्या कडेवर असतो, म्हणून तिथे गज मधोमध धरणारा पितळी बुश लावल्याशिवाय तो वापरू नये. आपल्या गुळगुळीत नळ्यांना तेवढा धोका नाही, पण आपल्या पावसाळ्यात गजच गंजतो. अॅल्युमिनियम नकोच: मऊ धातूत कचरा रुतून बसतो आणि गज पॉलिशपेपरसारखा घासतो.

एकच घ्यायचा असेल तर पितळी घ्या. लांबी नळीच्या आतल्या मापापेक्षा तीन-चार इंच जास्त. लाकडी घेतलात तर टोकाची पितळी टोपण नुसती चिकटवलेली नको, आरपार पिन हवी. नाहीतर चिंधी ओढताना टोपण आतच राहते. कोणताही असो, ठासताना तोंडापासून सात-आठ इंचांवर धरून थोडा थोडा दाबा. चेहरा नळीवर नको.

सफाईला नुसतं रॉकेल पुरत नाही. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त घन मळ उरतो. तो हवेतली ओल ओढतो आणि पाण्यात विरघळतो. म्हणून आधी गरम साबणाचं पाणी, मग कोरडी चिंधी, शेवटी तेल.

नवा गज आणला की पहिलं काम: नळी रिकामी असल्याची पक्की खात्री करून तो तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी खूण कोरा. पुढे दरवेळी साफ करण्याआधी कानावरची (नळीच्या मागच्या छोट्या बोंडीवरची) ठिणगी पाडणारी टोपी काढून गज आत सोडा. खूण तोंडाच्या वर राहिली तर नळी भरलेली आहे.