ऑफिसचे पीसी लिनक्स मिंटवर नेले: लायसन्स फुकट, मग खर्च कुठे होतो?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमच्या ऑफिसातले बरेचसे पीसी एका दिवसात जुने ठरले. मशीन धडधाकट आहेत, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा, त्यामुळे अपग्रेडचा विषयच संपला. मग एकतर नवी मशीन घ्या, नाहीतर कंपन्यांसाठीचं एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट (पैसे देऊन मिळणारे सुरक्षा अपडेट) घ्या, ज्याचा पहिल्या वर्षाचा दर मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर आणि त्यानंतर तेही बंद. आम्ही लिनक्स मिंट २२ टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपवाली.

सिस्टीम म्हणून मिंट खरंच छान आहे. मेनू डावीकडे खाली, टास्कबार खाली, त्यामुळे कोणाला बावचळल्यासारखं झालं नाही. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं आधी तपासता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं जुनं मशीन मस्त पळतं, आणि अपडेट आलं म्हणून कामाच्या मध्येच रीस्टार्ट होत नाही, ही एक गोष्ट सगळ्यांना मनापासून आवडली.

पैसे जातात ते फायलींत. अकाउंट्सची एक एक्सेल शीट होती, वर एक बटण, दाबलं की महिन्याची बिलं पार्टीनुसार वेगळी होऊन पीडीएफ निघायचे. लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमधल्या कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये, ती उघडली, आकडे बरोबर, फॉर्म्युले बरोबर, बटण दाबलं की एरर. कॅल्क व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमध्ये बटणामागे लिहिलेले छोटे प्रोग्राम) चालवतं पण सगळे नाही, आणि पॉवर क्वेरी, म्हणजे बाहेरचा डेटा आणून जुळवायची एक्सेलची सोय, तर त्यात नाहीच. मॅक्रो लिहिणारा माणूस कधीच सोडून गेलेला, म्हणजे कोणीतरी बसून तो वाचायचा, समजून घ्यायचा आणि परत लिहायचा, आणि त्या माणसाच्या तासांचे पैसे कोणत्याही कोटेशनमध्ये दिसत नाहीत. माझ्या मते सगळ्या बदलातला सगळ्यात महाग भाग हाच.

वर्डच्या फायलींचं तेवढं अवघड नाही. कॅलिब्री नसला की त्या जागी कार्लिटो फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी तीच असल्यामुळे ओळी हलत नाहीत, फक्त तो फॉन्ट सगळ्या मशीनवर आहे ना ते बघून घ्या, नाहीतर लेटरहेडवरची सही दुसऱ्या पानावर जाते.

प्रिंटरचं मात्र नशीब लागतं. नवे नेटवर्क प्रिंटर ड्रायव्हरशिवाय आपोआप सापडतात, पण काही जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठीच निघालेला असतो, तिथे प्रिंटर बदलण्याचा खर्च धराच.

आमचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही, म्हणून एक विंडोज मशीन ठेवलं आणि मिंटवरून रेमिना या प्रोग्रामने त्याला रिमोट डेस्कटॉप लावला, म्हणजे ते मशीन आपल्या स्क्रीनवरून चालवायचं. चालतं व्यवस्थित, पण साध्या विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो, त्यामुळे महिनाअखेरीला रांग लागते. आणि त्या मशीनचं लायसन्स अजून भरावं लागतंच, तेव्हा खर्च शून्य झाला असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

बदल कुठल्या क्रमाने करायचा यावर बरंच काही अवलंबून आहे. फ्रान्सच्या जाँदार्मरी पोलिसांनी २००५ मध्ये विंडोजवरच ओपनऑफिस (लिबरऑफिससारखंच फुकट ऑफिस सॉफ्टवेअर) आणलं, मग फायरफॉक्स ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम, आणि लोकांचा हात बसल्यावर २००८ पासून उबंटू, म्हणजे मिंटसारखंच एक लिनक्स. ते आजही लिनक्सवर आहेत. म्युनिक महापालिकेने सुमारे १५,००० पीसी लिनक्सवर नेले, २०१३ मध्ये काम पुरं झालं आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरलं. तिथे राजकारणही होतं, सगळा दोष सिस्टीमचा नाही, पण जाणं आणि परत येणं असा दुहेरी खर्च झालाच ना. म्हणून मी तरी सांगेन, आधी आहे त्याच विंडोजवर लिबरऑफिस टाका, दोन-चार महिने त्यातच काम करा. कुठली शीट अडते, कोण अडतं, ते तिथेच कळतं, आणि नाहीच जमलं तर अनइन्स्टॉल करायला पैसे पडत नाहीत.

आमच्याकडे वयस्कर मंडळी लगेच रुळली. अडखळले ते एक्सेलचे शॉर्टकट बोटांत बसलेले लोक, त्यांचा वेग बरेच दिवस कमी होता, आणि त्यांना त्यावरून बोलणं अगदी चुकीचं आहे, शिकायला कामाच्या वेळेतलाच वेळ द्या.

मिंट आणि लिबरऑफिस दोन्ही मुख्यतः देणग्यांवर चालतात, तेव्हा लायसन्सच्या वाचलेल्या पैशांतून थोडे त्यांना जरूर पाठवा. आणि मिंट २२ ला अपडेट एप्रिल २०२९ पर्यंतच आहेत, पुढचं व्हर्जन फुकट असलं तरी तेव्हा प्रत्येक मशीनवर परत कोणाला तरी बसावं लागणार, ते तास आत्ताच बजेटमध्ये लिहून ठेवा.