वीस मिनिटांत घट्ट झालेला गुडघा: सैल त्वचेच्या नावाखाली काय विकलं जातं

त्वचा घट्ट करून देणाऱ्या क्लिनिकमध्ये ट्रायल म्हणून मशीन एकाच गुडघ्यावर फिरवतात. जेल लावून वीसेक मिनिटं हँडपीस गोल गोल फिरतो, मग जेल पुसून आरशासमोर उभं करतात आणि विचारतात, ‘दोन्हींत फरक दिसतोय ना?’ दिसतोच. एक गुडघा गुळगुळीत, जरा भरलेला. दुसऱ्यावर वाटीच्या वरच्या घड्या होत्या तशाच. तेवढ्यात पॅकेजचा कागद पुढे सरकतो: सहा सिटिंग, आजच पैसे भरले तर दोन मोफत.

आरशात दिसते ती बहुतांशी सूज. उष्णतेने त्वचेत पाणी साठतं आणि बारीक घड्या त्या पाण्याने भरून निघतात. त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचे जुने धागे थोडे आकसतात हेही खरं, पण त्याचा वाटा लहान. सूज काही दिवसांत उतरते. नवं कोलॅजन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात. या फसवणुकीचं सगळं गणित मधल्या काळावर बसवलेलं आहे. पैसे सूज असताना घ्यायचे, सिटिंग दर दोन-तीन आठवड्यांनी ठेवायच्या म्हणजे सूज पूर्ण उतरलेली कधी दिसतच नाही, आणि तक्रार आली की ‘कोलॅजन अजून बनतंय’ म्हणायचं. हे शेवटचं वाक्य शास्त्राला धरून आहे, म्हणूनच ते इतकं उपयोगी पडतं.

‘आधी-नंतर’चे फोटो बघताना गुडघ्याकडे नंतर बघा, आधी मांडीकडे बघा. ‘आधी’च्या फोटोत पाय सैल सोडलेला असतो आणि उजेड वरून पडतो, त्यामुळे प्रत्येक घडीखाली सावली. ‘नंतर’च्या फोटोत मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला, वाटी वर खेचलेली, उजेड समोरून सपाट. एवढ्याने कुठल्याही उपचाराशिवाय अर्धी सुरकुती जाते. घरी आरशासमोर करून बघा, दहा सेकंदांचं काम आहे.

हाच प्रयोग निदानालाही लागतो, आणि फसवणाऱ्या ठिकाणी तो कुणी करत नाही, कारण उत्तर मशीनच्या विरोधात जाऊ शकतं. गुडघ्यावर लोंबणारा भाग तीन गोष्टींचा असतो: त्वचा, तिच्याखालची चरबी आणि आटलेला स्नायू. मांडी आवळल्यावर घडी जवळजवळ नाहीशी होत असेल तर मोठा दोष स्नायूचा. त्यावर मशीन चालवून उपयोग नाही, मांडीच्या पुढच्या स्नायूचा नेटाने व्यायाम लागतो आणि त्याचा फरकही दिसायला दोन-तीन महिने जातात. वाटीच्या वर किंवा आतल्या बाजूला चिमूट जाड लागली तर तिथे चरबी आहे. चिमूट कागदासारखी पातळ, सुरकुतलेली लागली तर ती खरी सैल त्वचा. बहुतेकांत तिन्ही थोडं थोडं असतं. शिवाय उभं असताना गुडघ्यावर थोडी जादा त्वचा हवीच. नाहीतर मांडी घालून बसणार कसं? ‘एकही घडी राहणार नाही’ असं सांगणाऱ्याला गुडघा वाकतो हेच ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असून बोलत नसावा.

आता मशीन. ‘अल्ट्रासाउंडने घट्ट करतो’ या एका वाक्यामागे फार वेगवेगळी यंत्रं असतात. अल्थेरा या यंत्राला एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, मंजुरी २००९ मध्ये भुवया उचलण्यासाठी मिळाली, २०१२ मध्ये हनुवटीखालच्या आणि मानेच्या त्वचेसाठी, २०१४ मध्ये छातीवरच्या सुरकुत्यांसाठी. या यादीत गुडघा नाही. जाणकार डॉक्टर ते गुडघ्यावर वापरतात, पण मंजुरीबाहेरचा वापर म्हणून आणि तसं सांगून. यात १.५, ३ आणि ४.५ मिलीमीटर खोलीवर त्वचेखाली बारीक बिंदू तापवले जातात, आणि ऊर्जा कुठल्या थरात पडतेय ते पडद्यावर दिसतं. स्वस्त नकलेत हा पडदा नसतो. गुडघ्याभोवती त्वचा पातळ, खाली लगेच हाड, तिथे ४.५ मिलीमीटरचं कार्ट्रिज (खोली ठरवणारा बदलता भाग) आंधळेपणाने चालवलं की ऊर्जा त्वचेत पडण्याऐवजी हाडालगत जाते. दुखतं भरपूर, गुण काही नाही.

रेडिओफ्रीक्वेन्सीच्या, म्हणजे रेडिओलहरींनी त्वचा तापवणाऱ्या, थर्माजसारख्या यंत्रात त्वचेला टेकणारी टिप एकदाच वापरायची असते, आणि तिच्यात ठरावीक पल्स (ऊर्जेचे झटके) भरलेल्या असतात. पाणी मुरतं ते इथे. मोजणी पुन्हा शून्यावर आणलेली टिप, किंवा एकच टिप दोघा-तिघांत वाटून घेणं हे प्रकार चालतात. टिपेचा पृष्ठभाग झिजला की उष्णता सारखी पसरत नाही आणि चौकोनी डाग भाजतो. म्हणून टिप सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जावी, तिचा क्रमांक कागदावर यावा, आणि सुरुवातीला व शेवटी यंत्राच्या पडद्यावरच्या पल्सचा फोटो तुम्ही घ्यावा. याला नकार मिळाला तर उठावं.

सुरुवातीच्या ट्रायलसारखं जे साधं यंत्र गोल गोल फिरवतात, त्याचं सूत्र वेगळं. त्वचेचं वरचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणून काही मिनिटं तिथेच टिकवावं लागतं. म्हणजे हातात तापमापक हवा. तापमापक नाही, ‘अजिबात दुखत नाही’ आणि दोन्ही गुडघे पंधरा मिनिटांत आटोपले, याचा अर्थ पैसे जेलचे गेले.

भिंतीवरच्या ‘एफडीए’ प्रमाणपत्राबद्दल: कारखान्याने एफडीएकडे नोंदणी केली म्हणून यंत्राला मंजुरी मिळत नाही, आणि अशा नोंदणीचं प्रमाणपत्र एफडीए देतही नाही. गरुडाचं चित्र आणि सोनेरी कडा असलेला तो कागद तिसऱ्याच कुणीतरी छापलेला असतो.

इंजेक्शनमध्ये फसवणूक मोजमापाची असते. कोलॅजन वाढवणारी औषधं मुख्यतः दोन: पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, जे पावडर म्हणून कुपीत येतं, आणि कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट, जे सिरिंजमध्ये येतं. शरीरावर वापरताना दोन्ही पातळ करतात. दुसऱ्यात एक भाग औषधाला दोन ते चार भाग द्रव हे प्रमाण रूढ आहे. त्यामुळे ‘तुम्हाला सहा सिरिंज दिल्या’ या वाक्याला अर्थ नाही. त्यातलं औषध एका सिरिंजचंही असू शकतं. मोजायच्या त्या फोडलेल्या पेट्या. पेटी समोर फोडावी, कुपीवरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर तुमच्या कागदावर चिकटवावा. आत तयार करून आणलेली, नाव नसलेली सिरिंज टोचून घेऊ नये. आणखी एक थाप: ‘आवडलं नाही तर विरघळवून टाकू.’ विरघळवता येतं ते हायलुरॉनिक ॲसिड, म्हणजे खळगे भरायचं वेगळं इंजेक्शन. वरच्या दोन्हींना असा उतारा नाही. गाठी झाल्या तर महिनोन् महिने राहतात.

‘चरबी वितळवणारं इंजेक्शन’ हा सगळ्यात वाईट सौदा. डीऑक्सिकोलिक ॲसिडचं जे इंजेक्शन एफडीएने २०१५ मध्ये मंजूर केलं, ते फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. गुडघ्यावर टोचतात ती बरेचदा कुठलीच मंजुरी नसलेली मिश्रणं. आणि समजा चरबी गेलीच, तर तिने तोलून धरलेली त्वचा आणखी लोंबते. मग त्याच टेबलावर त्वचा घट्ट करण्याचं पॅकेज विकायला मिळतं.

त्वचा ओढून धरायला तिच्याखाली धागे घालतात, त्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पीडीओ या विरघळणाऱ्या पदार्थाचे धागे सुमारे सहा महिन्यांत विरतात, आणि गुडघा दिवसातून हजारो वेळा वाकतो. धागा तुटतो, टोक बाहेर येतं, खळगा पडतो.

वजन खूप उतरल्यानंतर त्वचेची झोळी झाली असेल तर यंत्र किंवा इंजेक्शन तिला उचलू शकत नाही. तिथे शस्त्रक्रियाच, आणि तिचा व्रण सतत ताणल्या जाणाऱ्या जागेवर येतो, म्हणून रुंदावतो. प्रामाणिक सर्जन व्रणाची गोष्ट आधी काढतो आणि अनेकांना परत पाठवतो.

एक जागा लक्षात ठेवा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचं एक बोंड हाताला लागतं. त्याच्या मानेला वळसा घालून पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस जाते, अगदी त्वचेलगत. तिथे खोल ऊर्जा, सुई किंवा बोथट नळी, काहीच नको. उपचारानंतर पाऊल वर उचलता येत नसेल किंवा पायाची वरची बाजू बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. ‘दोन दिवसांत उतरेल’ ऐकत बसू नका. फोड आला तर वाहतं गार पाणी, बर्फ नाही. पायाची त्वचा चेहऱ्यापेक्षा सावकाश भरते आणि गव्हाळ-सावळ्या रंगावर डाग महिनोन् महिने टिकतात.

पैसे अडकलेच असतील तर पुढची सिटिंग घेऊ नका, ‘बिघडलेलं दुरुस्त करू’ म्हणून त्याच ठिकाणी दुसरं इंजेक्शन तर मुळीच नको. यंत्राचं नाव, टिप किंवा बॅच क्रमांक, तारीख आणि कुणी केलं हे लेखी मागा, आणि मागितल्याचाही पुरावा ठेवा. स्वतःचे फोटो काढा: एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी, एकाच अंतरावरून, पाय सैल, मग मांडी आवळून, मग गुडघा वाकवून. पैसे परत मागताना ‘फरक पडला नाही’ असं म्हटलं की क्लिनिकवाले त्यांच्याकडचा ‘नंतर’चा फोटो पुढे करतात. त्याच्या शेजारी तुमचा पाय सैल सोडलेला फोटो ठेवा.