चौथ्या शनिवारचा नौपाड्यातला वाचनकट्टा

मी तुर्भ्याला मसाला मार्केटमधल्या एका गाळ्यावर हिशेब लिहिते. महिन्याच्या चौथ्या शनिवारी पाचला दप्तर आवरते, ठाण्याची गाडी पकडते आणि साडेसहाला नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीचा जिना चढते. दोन वर्षांत फक्त तीन शनिवार चुकलेत. कुणी विचारलं, तिथे काय मिळतं, तर गाडीतल्या गर्दीत धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

कट्ट्याला नाव नाही, पाटी नाही. तीसेक खुर्च्या, चहाचा थर्मास, वर्षाची वर्गणी सहाशे रुपये. पुस्तक बाईने लिहिलेलं हवं आणि येणाऱ्याने ते वाचलेलं हवं. लेखिकेला यायला जमणार असेल तर तिला बोलावतात. शाल-श्रीफळ नाही, परिचयाचं लांबलचक भाषण नाही. पहिला अर्धा तास लेखिकेने बोलायचंच नाही, फक्त ऐकायचं. आम्ही तिच्या पुस्तकाबद्दल बोलतो, आवडलं-नावडलं तिच्यासमोर सांगतो. मला या कट्ट्यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. सभागृहातल्या कार्यक्रमात लेखिका बोलते आणि आपण टाळ्या वाजवून घरी येतो. तिने ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांचं तिच्या कानावर काहीच जात नाही.

गेल्या पावसाळ्यात एक कथालेखिका आल्या होत्या. त्यांच्या कथेतली सून रात्री घर सोडून जाते. कोपरीहून येणाऱ्या एका ताई म्हणाल्या, "ती मुलाचा जन्मदाखला घेऊन का नाही गेली? मी गेले तेव्हा पहिल्यांदा तोच पिशवीत टाकला होता. शाळेत घालताना तोच मागतात." सगळे गप्प झाले. लेखिकाबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि आपल्याच पुस्तकाच्या समासात काहीतरी लिहिलं. त्यांची बोलायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं." आणि मग ती कथा कशी लिहिली, किती वेळा खोडली, हे मनापासून सांगत राहिल्या. आठ कधी वाजले कळलं नाही.

ज्या लेखिका आता नाहीत त्यांचीही पुस्तकं घेतात. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमचं' हे आत्मकथन घेतलं, तो शनिवार मला जन्मभर पुरेल. फलटणच्या बेबीताई किराणा दुकानात बसून, घरच्यांना कळू न देता वर्षानुवर्षं लिहीत होत्या. फलटणलाच राहणाऱ्या भाषा-अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते लिखाण छापण्यासाठी पाठपुरावा केला आणि १९८६ साली पुस्तक आलं. मीही गल्ल्याशेजारी बसते, जिरे-धण्याच्या पोत्यांच्या नोंदी करते आणि मधल्या वेळात वाचते. त्यामुळे ते पुस्तक माझ्या अंगावर आलं. बेबीताई २०१२ साली गेल्या. त्यांना विचारायचे राहून गेलेले प्रश्न आम्ही एका वहीत लिहिले. माझा होता: गिऱ्हाईक आलं की अर्धं राहिलेलं वाक्य नंतर सापडायचं कसं? ती वही आता दर वेळी टेबलावर असते.

पुस्तकं मिळवणं हे मोठं काम. नवी असतात ती एकत्र मागवली की सवलत मिळते. जुनी बाजारात नसली तर कुणीतरी आपल्या वाचनालयाच्या कार्डावर काढतं, कुणाच्या घरातली प्रत फिरते. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, त्याचा मोठाच आधार. घरच्या प्रतीवर खूण करायची तर पेन्सिलने आणि बाजूला आपलं आद्याक्षर. माझ्याकडे पुस्तक येतं तेव्हा चार-पाच जणींच्या रेघा आधीच असतात. एकाच ओळीखाली दोघींनी रेघ मारलेली दिसली की मी तिथे थांबून ती ओळ परत वाचते.

खटकलेलंही सांगते. मागच्या वर्षी एका कादंबरीकार बाईंना सूत्रसंचालकाने पहिलाच प्रश्न विचारला, "घर सांभाळून लेखन कसं जमवता?" चारशे पानांची कादंबरी, त्यात खाडीकाठच्या तीन पिढ्या, आणि विचारायचं हे? मला भयंकर राग आला आणि मी तिथेच बोलले. आयोजक बाईंनी माझं म्हणणं ऐकून घेतलं. तेव्हापासून प्रश्न पुस्तकातल्या पानावर बोट ठेवूनच विचारायचा असतो. काही पुरुष सभासद अजूनही प्रश्नाच्या नावाखाली दहा मिनिटं बोलतात, त्यांना वेळेवर थांबवायला हवं. आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या दोघी जिन्यामुळे यायच्या बंद झाल्या. त्यातल्या एकीचं बोलणं मी वहीत उतरवून घ्यायचे. तळमजल्यावर जागा मिळत असेल तर वर्गणी हजार करा, पण बघा.

या महिन्याला ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे निबंधवजा पुस्तक घेतलं आहे. १८८२ सालचं, पुढे विस्मरणात गेलेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलेलं. पुस्तक लहान, पण एका बैठकीत होत नाही. दर परिच्छेदाला बाई समोर उभ्या राहून जाब विचारतात. माझ्याकडे प्रत गुरुवारपर्यंतच आहे. संध्याकाळच्या गाडीने जाताना ऐरोली स्टेशनवर लेडीज डब्याच्या दारातून पुढच्या ताईंच्या हातात द्यायची आहे. अजून वीस पानं राहिलीत.