निकालाच्या दिवशी चोख, त्याआधी निरुपयोगी: एका मराठी वृत्त-अ‍ॅपचा अनुभव

2024च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर एका मराठी वृत्तवाहिनीच्या अ‍ॅपची वर्षभराची वर्गणी भरली. नोव्हेंबरची विधानसभाही त्यातच उरकेल, हा हिशेब होता.

फेरीनिहाय आकड्यांचे पान खरोखर चांगले आहे. 4 जूनला उत्तर-पश्चिम मुंबईत यंत्रांतील मतांमध्ये अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते आणि टपाली मते धरल्यावर रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आले, हे त्या पानावर नीट कळले. मात्र याच अ‍ॅपने त्याआधी कीर्तिकरांच्या विजयाचा संदेश पाठवून दिला होता, आणि दुरुस्ती शोधावी लागली.

दोघांना मिळून नऊ लाखांवर मते पडली असताना निकाल 48 मतांवर ठरत असेल, तर शेवटच्या दोन दिवसांपर्यंत काठावर बसलेल्या मतदाराला हे अ‍ॅप काय देते, हे पाहायला हवे. एक्झिट पोलने कुणाचे मत फिरत नाही, कारण मतदान संपेपर्यंत तो दाखवायला कायद्याने बंदी आहे. मत फिरते ते आधीच्या महिनाभरात, आणि त्या काळात येथे रोज रात्री ‘हवा कुणाची’ या एकाच प्रश्नावर सहा चौकटींत सहा प्रवक्ते एकमेकांवर ओरडत असतात. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी लाटणे थांबवून एकदा विचारले, “भांडणंच बघायची तर आमची चाळ काय वाईट आहे?” त्यांच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार येत होते. ती योजना म्हणजे रेवडी की आधार, यावर अ‍ॅपने कितीतरी चर्चा घडवल्या, पण पैसे घेणारी एकही बाई त्यांत बसलेली मी पाहिली नाही. लोकसभेच्या 48पैकी 17 जागांवर अडलेली महायुती विधानसभेत 288पैकी 230 जागांवर गेली; मधल्या पाच महिन्यांत ज्यांनी मत बदलले, ती माणसे या पडद्यावर जवळपास आलीच नाहीत.

अपवाद एकच. कांदा निर्यातबंदीच्या काळात लासलगावच्या बाजार समितीत लिलाव चालू असताना ट्रॅक्टरजवळ उभे राहून केलेले वार्तांकन असे होते, की लासलगाव ज्या मतदारसंघात येते त्या दिंडोरीत भाजपच्या भारती पवार यांचा पराभव झाल्यावर मला आश्चर्य वाटले नाही.

वर्गणी पुन्हा भरलेली नाही. फेऱ्यांचे आकडे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.