गरम इंजिनाचा सौदा

जुनी मोटारसायकल विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये सवडीने पूर्ववत करण्याची हौस ज्यांना आहे, त्यांच्यासाठी माझी फसवणूक कशी झाली हे तपशिलाने लिहीत आहे. गाडी चार-स्ट्रोक, एक सिलिंडरची आणि कार्बोरेटरवर चालणारी होती. इंजिन कारखान्यातून आल्यापासून उघडलेले नाही, असे विकणाऱ्याने मला दोनदा सांगितले होते.

मी पोहोचलो तेव्हा इंजिन गरम होते. नुकतीच धुऊन एक फेरी मारून आणली, असे कारण मिळाले आणि ते मला पटले, किंबहुना मला ते पटवून घ्यायचे होते. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली, आवाज भरदार आला, सायलेन्सरमधून धूर दिसला नाही. इंजिनावर ताजा चंदेरी रंग होता, तो मला निगा राखल्याची खूण वाटला.

गाडी घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी किक दगडासारखी जड लागली. तरीही मला शंका आली नाही. नियमाप्रमाणे ऑइल बदलायला घेतले, तेव्हा ड्रेन बोल्ट काढल्यावर ऑइल काकवीसारखे संथ उतरले. ते इंजिनाचे नसून गिअरबॉक्सात घालतात तसले जाड ऑइल असावे. जाड ऑइलामुळे झिजलेल्या भागांची खडखड दबते आणि पिस्टनभोवतीच्या रिंगांतून वर जाऊन जळणारे ऑइलही काही काळ कमी होते. मात्र गार असताना त्याचा जडपणा किकला लगेच जाणवतो, म्हणूनच गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवलेले असते. मी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल घातले आणि त्याच संध्याकाळी गाडी निळा धूर ओकू लागली.

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते मोजले, ते फारच कमी भरले. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर रिंगांभोवतीची फट ऑइलाने बुजून आकडा बराच चढला, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हता, रिंगा आणि बोअर (सिलिंडरचे आतले भोक) झिजलेले होते. हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण उतरवले तर पिस्टनच्या माथ्यावर १.०० हा आकडा कोरलेला होता. झिजलेले बोअर कापून मोठे केल्यावर त्यात बसवायचे ओव्हरसाइझ पिस्टन साधारणपणे मूळ मापापेक्षा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर मोठे, अशा पायऱ्यांनी मिळतात; १.०० ही बहुतेक इंजिनांत शेवटची पायरी असते, त्यापुढे बोअर आणखी मोठे करता येत नाही आणि नवीन लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) बसवावा लागतो. 'कधीच न उघडलेले' इंजिन बहुधा एकापेक्षा अधिक वेळा लेथवर जाऊन आले होते. हेडच्या नटांच्या कोपऱ्यांवर पान्याचे ओरखडे होते, फक्त त्यांवर रंग मारलेला होता. जवळून पाहिले असते तर ते सौद्याच्या वेळीच दिसले असते.

सर्वांत महाग पडलेली गोष्ट शेवटी सापडली. पुढच्या चेन स्प्रॉकेटजवळ (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाजवळ) तेलाचा ओलावा दिसत होता, तो मी सीलचा दोष समजलो. रंग खरवडला, तेव्हा खाली राखाडी मेटल पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली बोटभर लांबीची भेग होती. केव्हातरी तुटलेली चेन गुंडाळली जाऊन क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या कवचावर आदळली असावी.

विकणाऱ्याला फोन केला. त्याने शांतपणे पावतीची आठवण करून दिली, जिच्यावर 'गाडी आहे त्या स्थितीत तपासून घेतली' या ओळीखाली माझी सही आहे. तोंडी सांगितलेले 'कधीच उघडलेले नाही' हे वाक्य मी त्या पावतीवर लिहून घेतले नव्हते.

दुसरी जुनी क्रँककेस आणून बसवावी, असे एका मित्राने सुचवले; परंतु या गाडीचा इंजिन नंबर क्रँककेसवरच कोरलेला असल्याने ती बदलली की नोंदणीच्या कागदांशी मेळ राहत नाही. म्हणून सध्या इंजिनाचे दोन्ही अर्ध वेगळे केले आहेत. वर्षानुवर्षे तेल मुरलेल्या ॲल्युमिनियमला वेल्डिंग नीट धरत नाही, त्यामुळे भेगेतले तेल आधी तापवून आणि धुऊन काढण्याचे काम चालू आहे.