अख्खं गाव हलवायचं की ज्याने त्याने पैसे घेऊन निघायचं?

वैनगंगेकाठच्या गावांत ऑगस्ट 2020 च्या पुरानंतर हे दोनच पर्याय चर्चेत असतात.

रोख मोबदला लवकर सुटतो, कागद कमी लागतात. पण ज्याचं घर नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, वडिलांच्याच नावावर आहे, तिथे भावाभावांत वाटणीचा वाद लागतो आणि पैसा अडकतो. भूमिहीन मजुराला तर कुडाच्या घराचे जेमतेम पैसे मिळतात. त्यात तालुक्याला प्लॉट येत नाही. मग तो पुन्हा नदीकाठीच झोपडं घालतो. म्हणून जुनं घर पाडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

सामूहिक पुनर्वसनाला वर्षं लागतात, तरी आमचा कल तिकडेच. अट एकच: जागा आधी तपासा. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून. नवं गावठाण लाल रेषेबाहेरच हवं. काळ्या मातीत खड्डे खणून मुरूम किती खोल लागतो ते बघा. अशा मातीवर उथळ पाया घातला की उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते आणि भिंती तडकतात. बोअरचं पाणी एप्रिल-मेमध्ये तपासा, पावसाळ्यात सगळ्याच बोअरला पाणी असतं! प्लॉटमध्ये कोठा (गुरांचा गोठा) आणि तणशीच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगाला जागा सोडा. बांधी, म्हणजे धानाचं शेत, फार लांब पडली, तर रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत लोक जुन्या गावातच मुक्काम ठोकतात, आणि पूर नेमका तेव्हाच येतो.